न कापलेलं कांबळं

"उलटं कर बघू."

बाईंच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे, आणि ते माझ्या पदराबद्दल होतं. संगमनेरच्या कॉलेजात ग्रंथालयात मी नोकरीला लागले, त्या दिवशी नवी साडी नेसून गेले होते. गृहविज्ञान शिकवणाऱ्या एक बुटक्या, जाड चष्म्याच्या बाई टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. नाव नाही, गाव नाही, सरळ माझा पदर हातात घेतला आणि मी काही करायच्या आत स्वतःच उलटा केला. आतली बाजू अंगठ्यात आणि बोटात धरून चोळली, पदर नीट घडी करून माझ्या खांद्यावर ठेवला आणि तासाला निघून गेल्या. साडी बरी की वाईट, ते सांगितलंच नाही. मी दिवसभर अवघडून बसले.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, ज्याला जगात एकच गोष्ट दिसते. कुणाला चप्पल दिसते, कुणाला दात. बाईंना कापड दिसायचं, आणि तेही मागच्या बाजूनं. लग्नात नवरीला आशीर्वाद द्यायला गेल्या की एक हात तिच्या डोक्यावर आणि दुसरा शालूच्या पदराखाली. सासरची मंडळी हसायची. बाईंना त्याचं काही नसायचं.

एका स्नेहसंमेलनात पाहुण्यांना घालायची शाल ताटात घेऊन उभं राहायचं काम त्यांच्याकडे आलं. कुणी दिलं कुणास ठाऊक, पण देणारा पस्तावला असणार. पाहुणे उठले, प्राचार्यांनी हात पुढे केला, आणि बाईंनी भर स्टेजवर शाल उलटी केली. "सर, मागं सगळे धागे सुटलेत हिचे," त्या हळू म्हणाल्या, पण माईक जवळच होता. "ह्यांच्या अंगठ्यांत अडकतील." प्राचार्यांनी शाल जवळजवळ हिसकावून घेतली. पाहुण्यांनी ती पांघरून सभेला नमस्कार केला, हात खाली घेतले, आणि हातांबरोबर शालही खाली आली. मागचा धागा पुष्कराजाच्या अंगठीत गुंतला होता. तो सोडवायला बाईच पुढे झाल्या. नंतर त्यांना पुन्हा कधी ताट मिळालं नाही.

त्या आमच्याच गल्लीत राहायच्या, दोन घरं सोडून. मूलबाळ नव्हतं. काका, म्हणजे बाईंचे यजमान, दूध संघात होते. पहाटेची पाळी, थंडीवाऱ्यात स्कूटरवर जाणं, गळ्याला लाल लोकरी मफलर. हा मफलर नीट लक्षात ठेवा. काका कमी बोलायचे. बाईंचं बोलणं ऐकताना त्यांची मान हलायची, आणि ती होकाराची की डुलकीची, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

एकदा कुणीतरी देणगी दिलेल्या पुस्तकांचं खोकं ग्रंथालयात आलं. त्यात एक जाडजूड अमेरिकन चित्रांचं पुस्तक होतं, नुसत्या कांबळ्यांचं. अमेरिकेतल्या मूळच्या लोकांपैकी नावाहो म्हणून लोक आहेत, त्यांच्या बायकांनी शे-दीडशे वर्षांपूर्वी आणि त्याआधी विणलेली ही कांबळी. मला ते कुठल्या कपाटात लावावं समजेना, म्हणून मी बाईंना बोलावलं. त्या उभ्या उभ्या पानं उलटायला लागल्या, मग बसल्या, मग त्यांचा तास होता तो त्या विसरल्या. मुली दाराशी येऊन परत गेल्या.

"अगं," शेवटी त्या म्हणाल्या, "ह्याला उलटी बाजूच नाही."

मग मला समजावून सांगितलं. मला त्यातलं तेव्हा निम्मंच कळलं, पण नंतर इतक्यांदा ऐकलं की आता पाठ आहे. उभे धागे ताणून बांधायचे. आडवा लोकरीचा धागा त्यांतून घालायचा आणि असा ठोकून बसवायचा की उभा धागा दिसताच कामा नये. रंग बदलायचा तिथं एक धागा परत फिरतो, दुसरा त्याच्या शेजारून सुरू होतो, आणि टोकं आतल्या आत दडवतात. मागं गाठ नाही, लोंबणारा धागा नाही. दोन्ही बाजू सारख्या. पांढरा आणि काळपट तपकिरी हे मेंढीच्या अंगचेच रंग, निळा निळीचा. लाल मात्र त्यांच्याकडे नव्हता. तो त्या बायका कसा मिळवायच्या, हे सांगताना बाईंचा आवाज बारीक व्हायचा. व्यापाऱ्यांकडून लाल लोकरी कापड घ्यायच्या, ते सगळं उसवायच्या, आणि त्या दोऱ्यानं पुन्हा विणायच्या.

"तयार कापड उसवलं गं! नुसत्या लालासाठी!"

पुढं सैन्यानं त्या लोकांना मुलुखातून हाकललं, त्यांच्या मेंढ्या मारल्या, मग गिरणीचा दोरा आला. ती पानं बाई पटापट उलटायच्या.

त्यांचं आवडतं कांबळं एकच. व्यापारी त्याला सरदाराचं कांबळं म्हणायचे. "सरदार बिरदार कुणी नव्हतं, विकायला नाव लागतं," बाई म्हणायच्या. पांढरे-काळे रुंद आडवे पट्टे, मधे निळ्या रेघा, आणि त्यावर लाल. मधोमध एक पुरा शंकरपाळ्याचा आकार. काठांवर अर्धे. चार कोपऱ्यांत पाव पाव. मला वाटलं, जागा पुरली नसेल. बाईंनी टेबलावरचा कागद घेतला, त्यावर ते आकार काढले आणि माझ्याच खांद्यांभोवती गुंडाळला. समोर दोन कडा एकमेकींना भेटल्या, आणि अर्ध्या-अर्ध्याचा एक पुरा शंकरपाळा माझ्या पोटावर तयार झाला. कोपऱ्यातले दोन पाव गळ्याशी मिळाले.

"बघ. माणसानं पांघरल्याशिवाय नक्षी पुरी होत नाही," त्या म्हणाल्या. "मी विणणार हे. रिटायर झाले की."

रिटायर झाल्यावर करायच्या गोष्टी आपण सगळेच बोलतो. माझीही एक आहे, सांगत नाही. बाईंनी मात्र निरोप समारंभाचा हार वाळायच्या आत काकांना पाइप आणायला पाठवलं. काकांनी नळकामाच्या लोखंडी पाइपांची माणसाएवढी उंच चौकट करून घेतली आणि पुढच्या खोलीत भिंतीला टेकवली. सोफा अंगणात गेला. पाहुणे आले की अंगणात बसायचे, आणि काका त्यांना सांगायचे, "आत माग आहे." आत कुणी आजारी आहे असं सांगावं, तशा आवाजात.

लोकर अकोले रस्त्याला एका वाडीतल्या मामांकडून आली. मामा पिढीजात घोंगडी विणणारे. आमच्याकडची लोकर आखूड आणि राठ, पुस्तकातल्या मेंढ्यांची लांब आणि मऊ. पण काळा तसाच काळा आणि पांढरा तसाच पिवळट पांढरा. सूत बाई आणि मामा दोघांनी मिळून निवडलं. भांडण झालं ते शेवटच्या गोष्टीवरून.

"बाई, घोंगडी झाली की आमी कापूनच काढतो मागावरनं," मामा म्हणाले. "मंग काठाच्या सुट्या धाग्यांच्या दशा वळायच्या. न कापता कशी निघंल?"

"निघते. उभा धागा सलग असतो, कुठं तुटलेला नसतो. वरच्या-खालच्या दांडीला तो दोरीनं नुसता बांधलेला. अगदी शेवटपर्यंत विणायचं, मग दोरी सोडायची. चारही काठ बंद."

"शेवटाला हात कुटून घालायचा? जागाच न्हाई ऱ्हायची."

"सुईनं विणायचं."

मामांनी काकांकडे पाहिलं. काकांची मान हलत होती. "लई अवघड हाय," मामा काकांनाच म्हणाले, जणू निर्णय त्यांच्या हातात होता.

मग काकांच्या वस्तू एकेक करून जायला लागल्या. पहिली गेली अंघोळीची बादली. त्यात नीळ भिजली, आणि त्यानंतर कितीही घासली तरी बादली निळीच राहिली. काकांच्या टाचा पुढं बरेच दिवस आकाशी दिसायच्या. थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी काका माझ्या दाराशी आले. मफलर पाहिला का, म्हणाले. मी त्यांच्याबरोबर गेले, तर बाई मागासमोर बसलेल्या आणि मांडीवर कुरळ्या लाल दोऱ्याचा ढीग.

"अहो, अमेरिकेला गेला तो," बाई मान वर न करता म्हणाल्या.

काकांनी ढिगातला एक दोरा उचलून पाहिला. "गळ्याला काय घालू?"

"विणून झालं की पुरं कांबळंच घाला की."

काकांनी टॉवेल गुंडाळला. रिटायर झाले होते तरी पहाटे उठून फिरायला जायची सवय सुटली नव्हती. त्या थंडीत गल्लीतल्या सगळ्यांनी त्यांना टॉवेलात पाहिलं.

माग सुरू झाला की दोन घरं सोडून मला पंजाचा आवाज यायचा. सतरंजीवाले वापरतात तो लोखंडी दातांचा पंजा, धागा ठोकून बसवायचा. ठक ठक ठक, थांबणं, पुन्हा ठक ठक. कॉलेजातून आले की मी तिथंच जायची. बाई बोट पुढं करून म्हणायच्या, "ये. उलटं कर बघू." मी मागाच्या मागं, भिंतीलगतच्या फटीत शिरून बघायची. खरंच सारखं होतं. तेच पट्टे, तोच लाल, कुठं गाठ म्हणून नाही. "सारखं आहे, बाई." "मग?" त्या म्हणायच्या, आणि त्या एका शब्दात किती आनंद असायचा ते मला लिहिता येत नाही.

पुस्तकात एक गोष्ट होती. नक्षीभोवती विणलेली चौकट असली की काही बायका आतून एक बारीक धागा काठापर्यंत बाहेर काढतात, म्हणजे विणणारीचं मन त्यात कोंडून राहत नाही. मी विचारलं, तुम्ही नाही काढणार? "ह्याला चौकट नाही. आणि अडकलं माझं मन तर अडकू दे, मला कुठं जायचंय."

मी एक दिवस आईची जुनी साडी नेसून गेले. बाईंनी सवयीनं पदर घेतला, उलटा केला, चोळला. "सुती वापरायला लागलीस ते बरं," त्या म्हणाल्या. साडी रेशमी होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा चोळलं, दुसऱ्या हातानं चोळलं. मग पदर उचलून गालाला लावला.

"रेशीम," त्या म्हणाल्या.

शुगर त्यांना जुनीच होती, गोळ्या चालू होत्या. बोटांची टोकं काही महिन्यांपासून बधिर होत चालली होती, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काकांना चहाच्या कपावरून कळलं होतं. चटका बसेल असा कप त्या धरून बसायच्या. डॉक्टर म्हणाले, शुगर ताब्यात ठेवा, पण गेलेली संवेदना परत येईल असं सांगता येत नाही. बाईंनी हे मला सांगितलं ते कुणा तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं. "हातमोजे घालून जगल्यासारखं आहे," म्हणाल्या आणि पंजा उचलला.

त्यानंतर धागा निवडायच्या आधी त्या तो गालावरून फिरवायच्या. गाल अजून शाबूत होता. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाई लाडात आल्यात.

कांबळं वर वर सरकत गेलं आणि शेवटची चार बोटांची जागा उरली. मामा म्हणाले होते तेच झालं. उभे धागे इतके ताठ झाले की त्यांच्यात पंजा जाईना, बोट जाईना. त्या नावाहो बायका इथं छत्रीच्या काडीला धागा ओवून एकेक धागा वर-खाली करत काढायच्या, असं पुस्तकात होतं. काकांची छत्री गेली. पण ह्या कामाला डोळ्यांचा उपयोग नाही, काडीचं टोक कुठल्या धाग्याखाली गेलं ते बोटालाच कळावं लागतं. बाईंच्या बोटाला ते कळत नव्हतं. दुपारभर बसून एक ओळ घालायच्या, संध्याकाळी मला मागं पाठवायच्या. "उलटं कर बघू." मी फटीत शिरायची. कुठंतरी एक धागा सुटलेला असायचा. खोटं बोलावंसं वाटायचं, पण ते त्यांना चाललं नसतं. मी सांगितलं की त्या पुरी ओळ उसवायच्या.

पंजाचा आवाज बंद झाला होता, कारण तिथं पंजा लागत नव्हता. संध्याकाळी गल्ली फार शांत वाटायची.

मामा एकदा येऊन गेले. "कापू या, बाई. मी दशा अशा वळून देतो की कळायचं न्हाई."

"मला कळेल."

"कसं कळंल? बोटं तर..." काकांनी चहा पुढं केला.

त्या दिवसांत मी त्यांना विचारलं होतं, तुमच्याऐवजी मी घालू का ओळी? बाई म्हणाल्या, "तू तुझं विण." रागानं नाही. ते एक कांबळं त्यांना स्वतःच्या हातांनी पुरं करायचं होतं, आणि हात त्यांच्या आधी निघून चालले होते. त्याहून मोठं त्यांचं दुसरं काही मागणं नव्हतं.

थंडीतल्या एका सकाळी काकांनी मला हाक मारली. बाई मागासमोरच्या पाटावर बसल्या बसल्याच गेल्या होत्या, डोकं पाइपाला टेकलेलं. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. शुगरवाल्यांना छातीतली कळ कधी कधी जाणवतच नाही, असंही म्हणाले. मांडीवर छत्रीची काडी होती, लाल धागा ओवलेली.

मला वाईट वाटलं, असं लिहायला हवं. खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही. मी पाणी तापवलं, नातेवाइकांना फोन केले, कॉलेजात कळवलं. कुणी रडलं की मी पाण्याचा तांब्या पुढं करायची. आपल्याला काही वाटत नाहीये, एवढंच मला कळत होतं.

तयारी झाली तेव्हा बाईंच्या भावजय म्हणाल्या, "इतकं जिवापाड विणलं तिनं. तेच घाला की अंगावर. मागावर अर्धवट राहून काय करायचंय?" सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. कुणीतरी कात्री आणून काकांच्या हातात दिली. काका मागासमोर उभे राहिले. वरचे उभे धागे त्यांनी डाव्या मुठीत गोळा केले आणि कात्रीचं तोंड उघडलं. बाहेर माणसं खोळंबली होती.

"कापू का, पोरी?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या मुठीतल्या धाग्यांकडे पाहिलं.

काकांनी कात्री मिटली. "नको," ते म्हणाले. "रागावेल ती." आणि कपाटातून एक शाल काढली. ती बाईंच्याच निरोप समारंभात मिळालेली होती. घालण्याआधी त्यांनी ती उलटी करून पाहिली. मग सुलटी करून बाईंच्या अंगावर घातली.

दहावं-तेरावं झालं, माणसं आपापल्या गावी गेली. सोफा अंगणातच राहिला. मी जाणं कमी केलं. जाऊन काय बोलायचं तेच समजत नव्हतं, आणि काका तर आधीपासूनच बोलत नव्हते. येता-जाता खिडकीतून ते पाठमोरे दिसायचे, मागासमोर पाटावर बसलेले. मला वाटायचं, नुसते बसतात.

पुढच्या थंडीत एका सकाळी त्यांनी अंगणातून हाक मारली. मी गेले. सोफा आत होता. पाइपांची चौकट अंगणात, मोकळी, भिंतीला टेकवलेली. आणि काकांच्या अंगावर कांबळं होतं.

"दोरी सोडली काल," ते म्हणाले. "आपोआप सुटून आलं. ती म्हणायची तसंच."

मी पुढं होऊन काठ हातात घेतला. चारही काठ बंद होते. खालपासून वरपर्यंत पट्टे सरळ, लाल आकार कोरल्यासारखे. वरची चार बोटं मात्र वेगळीच होती. कुठं धागा सैल, कुठं आवळून गोळा झालेला, पट्टा वाकडा चाललेला. नेमकी ती पट्टी कोपऱ्यातल्या लालाची होती. काकांनी समोर दोन्ही कडा जुळवून धरल्या. पोटावर बाईंचा शंकरपाळा अगदी पुरा झाला. गळ्याशी मात्र पावाला पाव मिळाला नाही, एक वर राहिला, एक खाली. मफलरचा तो लाल परत काकांच्या गळ्याशी आला होता.

मला सवय होती. मी मानेजवळचा काठ उलटा केला.

तिथं उलटी बाजू होती. चार बोटांच्या त्या पट्टीला मागून गाठीच गाठी होत्या. काळ्या, पांढऱ्या, लाल, वाटाण्याएवढ्या. टोकं आत दडवायची असतात हे काकांना माहीत नव्हतं, किंवा जमलं नव्हतं. जिथं धागा संपला तिथं दूध संघातल्या पोत्याच्या तोंडाला मारावी तशी त्यांनी दणकट गाठ मारली होती. मी त्यावरून बोट फिरवलं. इतक्या महिन्यांनी पाणी यायला लागलं डोळ्यांतून, ते थांबवता येईना.

काकांनी मला रडू दिलं. मग मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काका, उलटं पांघरा ना. गाठी बाहेर येऊ देत. अशा आतून मानेला रुतत असतील."

"रुततात," काका म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातून काठ घेतला, होता तसा गाठी आत करून मानेशी ओढला, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून फिरायला निघाले.